चाळीस डब्या

चाळीसच्या चाळीस डब्या रिकाम्या होत्या. ओळीने मांडलेल्या, नंबर घातलेल्या. आणि फरशीवरच्या निळ्या टबात चाळीस मासे हुंदडत होते, शाळा सुटल्यासारखे.

निशाच्या हातातला खाण्याचा डबा तसाच राहिला. शेजारच्या खोलीत ती फिल्टर धुवायला गेली होती. दहा मिनिटं. फार तर बारा.

"आये, हे कुणी केलं?"

स्टुलावर बसलेल्या सखुबाईने ओले हात पदराला पुसले. मनोरीहून माशांची टोपली घेऊन मालाडच्या बाजारात पस्तीस वर्षं बसलेली बाई. आता घरात मोरी कुठल्या बाजूला हेही लेकीला विचारावं लागतं.

"एकेकटा कोंडलेला गो," ती म्हणाली. "म्हावरा कवा एकटा राहतो काय? जीव घाबरतो त्याचा. बग, आता कसा खेलतंय."

म्हावरा म्हणायचा तो बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळ्या रेघा. झेब्राफिश. माणसाला विसरायला लावणाऱ्या रोगाचं एक जनुक या माशांत घातलेलं होतं. दीड वर्ष निशाने त्यांना अंड्यापासून वाढवलं. गेले तीन महिने तर रोज एकेकाची परीक्षा घेतली. लाल कोपऱ्यात खाणं मिळतं हे कुणाला आठवतं, कुणाला नाही. चार नंबर हुशार. एकोणीस नंबर दहात नऊदा चुकायचा, म्हणून तिचा जरा जास्त लाडका. सगळं वहीत, नंबरवार. उद्या सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख यज्ञेश सर एकेकाचा मेंदू काढून मायक्रोस्कोपखाली बघणार होते आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहणार होते.

आता मेंदू चाळीस होते, आकडे चाळीस होते, आणि कुणाचं काय ते देवाला ठाऊक.

निशाने टबाशी बसकण मारली. चार नंबर कुठला? एकोणीस कुठला? दिसायला सगळे एका आईचे. होतेच एका आईचे. काहीतरी सुचलं तशी ती उठली, एक लाल झाकण आणून टबाच्या कोपऱ्याला टेकवलं आणि बघत बसली. ज्यांना आठवत होतं ते झाकणाकडे निघाले. ज्यांना आठवत नव्हतं ते त्यांच्या मागोमाग गेले. चाळीसच्या चाळीस.

"हुशार हायत," सखुबाई म्हणाली.

"गप बस ना गं, आये."

महिनाअखेर निशाचं कंत्राट संपत होतं. एवढं नीट पार पडलं की कायम करतो, असं सर म्हणाले होते. आधीच्या मुलीने एकदा नळ उघडा ठेवला होता. तिचं आता कुणी नावही काढत नाही. त्यात बाहेरच्या माणसाला आत आणायचं नाही, हे दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पण आयेला सांभाळणारी वसुधा हळदीला गेलेली, रविवार असला तरी माशांना पोट असतंच, आणि खाली वॉचमन काशीराम म्हणाला होता, "आईच हाय ना? जावा वर."

निशाने डब्यांत पाणी घेतलं, जाळी उचलली. एक मासा धरला, एक नंबरच्या डबीत सोडला. दुसरा दोन नंबरच्या. डबीला थोडंच कळतंय आत कोण आहे ते? सरांनाही कळणार नव्हतं. पाहिलं होतं एकट्या आयेने, आणि आयेने पाहिलेलं जेवणापर्यंतसुद्धा टिकत नसे. तीन. चार. चार नंबरच्या डबीत जो पडला तो हुशार होता की नाही कोण जाणे, पण आजपासून हुशार. पाच, सहा, सात.

"काय करतंस?"

"जागच्या जागी ठेवतेय."

"वलखलास त्यांना?"

निशाने पुन्हा जाळी पाण्यात घातली. सखुबाई स्टुलावरून उतरली, सात नंबरची डबी उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. हात अगदी स्थिर. गिऱ्हाइकासमोर कल्ला उलगडून दाखवताना असायचा तसा.

"कालचा म्हावरा आजचा म्हनून गिऱ्हाइकाला घालायचा नाय गो," ती म्हणाली. "मी कवा नाय घातला."

"तुला काय आठवणार आहे उद्या?" निशा खेकसली. मग तिचं तिलाच ऐकवेना.

"मना नाय आठवनार," सखुबाई म्हणाली. "तुना?"

निशाने आयेच्या हातातली डबी घेतली आणि टबात उलटी केली. मग सहा. मग पाच. चार नंबरपाशी क्षणभर थांबली, तीही उलटी केली. सातही झाल्या तसे तिने हात पुसले, मोबाइल काढला आणि सरांचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. न उचलला तर बरं, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात सखुबाई टबावर वाकली. बाजार नुकताच उघडावा तसा तिचा चेहरा उजळला.

"अगो बया! केवढा म्हावरा! सगला एका ठायी कुणी सोडला गो?"

पलीकडे फोन उचलला गेला. "हां निशा, बोल. काय झालं?"

"मी," निशा दोघांनाही म्हणाली. "मी सोडला."