मासोळ्या

“काकी, जोर लावू नका, रबर फाटंल!” दुकानदार गुफरान कळवळून म्हणाला.

वैजयंतीनं पाय बाहेर ओढला. बदकाच्या पंजासारखे ते पोहायचे फिन्स. हाही जोड तिच्या पायात शिरायला तयार नव्हता. मोठा नंबर घ्यावा तर टाच लपलप करायची आणि पुढं बोटांना चिमटा तसाच. फताडे पाय, दुसरं काय! लग्नाआधी बघायला आलेल्या पाहुण्यांची नजरही आधी तिथंच गेली होती.

लेक पायलनं मालवणची सहल ठरवली होती. बोटीतून जायचं, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे रंगीत मासे बघायचे. सांगोल्याला माहेरच्या विहिरीत धाडदिशी सूर मारणारी वैजयंती लग्नानंतर पाण्यात उतरलीच नव्हती. संसारात कुठली आलीय पोहायची हौस? पण पायलनं फोटो दाखवले आणि बाई अशी हरखली, की उठता बसता तेच बोलू लागली. तिकडं भाड्यानं मिळणाऱ्या फिन्समध्ये हे पाय मावायचे नाहीत, तेव्हा सोलापुरातच बघू म्हणून मायलेकी नवी पेठेत आल्या होत्या. सासूबाई गोजाबाईही बरोबर होत्या.

गुफराननं फिनच्या आत बोटं घालून चाचपलं. रबरावर ओरखडे होते. त्यानं वैजयंतीच्या पायांकडं पाहिलं आणि तो घुटमळला.

“काकी, पाय रुंद हायेत, पण बसतील. अडतंय ते... हे.”

त्यानं लांबूनच बोट दाखवलं. जोडवी, आणि शेजारच्या बोटांत माशाच्या आकाराच्या चांदीच्या मासोळ्या. ‘काढा’ हा शब्द काही त्याच्या जिभेवर येईना. तोही सोलापूरचाच की! सवाष्ण बाईला असलं कोण सांगतं?

पायल मात्र बोलून गेली, “काढ की आई. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“जीभ आवर!” वैजयंतीनं पाय मागं ओढून घेतले. नवऱ्याच्या, अभिमन्यूच्या, हृदयाचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालं होतं. ते चाललं असताना दवाखान्याच्या बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन, ह्याच मासोळ्या मुठीत धरून ती बसली होती. “राहू दे. मी काठावर बसीन. तू मासे बघ आणि मला सांग.” बोलता बोलता तिचे डोळे भरले.

गोजाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. आता आजीच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं पायलला वाटलं. मागं बोट सुजून टम्म झालं, तेव्हाही ह्याच आजीनं सुनेला मासोळी काढू दिली नव्हती.

गोजाबाई उठल्या. सुनेपुढं फतकल मारून बसल्या आणि तिचा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

“अहो आत्याबाई! पाय काय धरताय माझे?”

“गप बस. माझा ल्योक ठणठणीत हाय. सकाळी दोन भाकरी हाणून गेलाय.” त्यांनी मासोळी फिरवून फिरवून सैल केली. “माझ्या काढल्या, तवा मला कुणी इचारलं न्हाई. तू हसत काढ. तुला परत घालायच्या हायत की.”