डोळेवाल्यांची मुलाखत

"पाच वाजले की मी निघणार," मुलगी म्हणाली. "रोज. आधीच सांगितलेलं बरं."

डोळेवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने खिडकीकडे पाहिलं. जाहिरात तिने दिली होती, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचं खापर तिच्याच डोक्यावर फुटत होतं. पहिल्याने हे काम घरून करता येईल का, असं विचारलं होतं. दुसऱ्याने बसायच्या आधी सुट्ट्या विचारल्या होत्या.

ही तिसरी. हिने आल्या आल्या मांडलेली खुर्ची उचलली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि मगच टेकली. हल्ली बसायचंसुद्धा यांच्या मर्जीने, असं डोळेवाले मनातल्या मनात म्हणाले.

कृत्रिम डोळे बनवायचं त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना डोळेवाले म्हणत. अपघातात, आजारात ज्यांचा डोळा गेला अशी माणसं लांबून लांबून येत. डोळेवाले त्यांच्यासमोर बसत, शाबूत डोळ्यात बघत बघत त्याच्या जोडीचा डोळा रंगवत, आणि खाली मान घालून आलेला माणूस जाताना लोकांकडे बघत जाई. रस्त्यापलीकडच्या एखाद्याचा डोळा बनवलेला असला तर यांना दुकानातून कळायचा. ही बढाई नव्हे, खरंच कळायचा.

पण आता हात थरथरू लागला होता. मोठ्या माणसांचं कसंही निभलं असतं. मुलांचा चेहरा वाढतो, त्यांना डोळा पुन्हा पुन्हा नवा लागतो. शिकायला कोणी मिळालं नाही तर ती पोरं जाणार कुणाकडे, हा विचार डोळेवाल्यांची पाठ सोडत नव्हता.

"नमुना आणलायस?" त्यांनी विचारलं.

"आणलाय. दाखवू?"

"थांब जरा. आधी बोलणं होऊ दे. हात काय, नंतरही बघता येईल."

सुनेने पाणी पुढे केलं. मुलीने आधी पेल्याच्या कडेला बोट टेकवलं, मग पेला उचलला. बिचारी घाबरली असेल, असं सुनेला वाटलं.

डोळेवाल्यांनी खण ओढला. आत कापसावर डोळेच डोळे. तपकिरी, राखाडी, मधाच्या रंगाचे, प्रत्येकाच्या पांढऱ्या भागात लाल रेशमाच्या चिरलेल्या धाग्यांच्या शिरा. पहिले दोघे उमेदवार हा खण बघून 'बाप रे' म्हणाले होते आणि मागे सरकले होते. ही पुढे वाकली. श्वास घ्यायचं विसरली असावी.

"हात लावू?"

"लाव."

तिने एक उचलला आणि उजेडाकडे धरला. "बाहुलीभोवती हिरवट कडं दिलंय तुम्ही. आणि पांढरा भाग मुद्दाम थोडा मळकट ठेवलाय. या माणसाची झोप होत नसणार."

डोळेवाले बघतच राहिले. तो डोळा रात्रपाळीच्या एका ड्रायव्हरचा होता. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांचे आभार मानले, पाया पडले, पण त्यांचं काम असं कुणी वाचलं नव्हतं. त्यांना भरून आलं. ते लपवायला त्यांनी आवाज चढवला.

"मग पाचला कशाला पळायचंय? तुझ्या वयात मी रात्र रात्र बसायचो. जेवणाचंही भान नसायचं."

"हो ना. सासूबाई एकट्या जेवायच्या," सून हळूच म्हणाली.

"तू गप्प बस गं."

मुलगी हसली नाही. "काका, पाचनंतर उजेड बदलतो, नजर थकते. थकलेल्या नजरेने रंगवलेला डोळा तुमच्या हातावेगळा होतो आणि तुम्ही विसरून जाता. घालणाऱ्याला तो रोज सकाळी आरशात बघावा लागतो."

डोळेवाल्यांना रात्री उशिरा संपवलेले कितीतरी डोळे आठवले. एवढीशी पोरगी, आणि केवढं बोलून गेली!

"हे तुला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. चार वर्षं एकटीच करतेय. आधीचे सगळे फेकून दिले."

"बोलतेस छान," ते म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "पाचला जा, हवं तर चारला जा. पण हातात काही नसेल तर मी त्या पोरांना काय सांगू? दाखव, काय आणलंयस ते."

त्यांनी टेबलावरचा पसारा बाजूला केला, पांढरं फडकं अंथरलं आणि भिंग पुसून घेतलं. मुलीने पर्स उघडली नाही. ती उठली, खुर्ची उचलून थेट त्यांच्यासमोर खिडकीच्या उजेडात आणली आणि चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला.

"मघापासून तुम्ही त्याच्याकडेच बघून बोलताय, काका," ती म्हणाली. "उजवा मी केलाय."