दोन्ही हात मोकळे

चिखलीत फोटो स्टुडिओ चालवणारा हर्षल एका स्पर्धेसाठी कापूस वेचणीचे फोटो काढायला उंद्रीला विमलमावशीच्या शेतात आला, तो कमरेला नवी कोरी बॅग बांधूनच. "हे काय रे कमरेले?" असं मावशीनं विचारायची खोटी, की गडी सुरूच झाला.

"कॅमेऱ्याची बॅग हाय, मावशी. लेन्स, बॅटऱ्या, सारं यातच. खांद्याले वझं नाही, वाकलं तरी काही पडत नाही, अन् दोन्ही हात मोकळे! ज्यानं कोनं हे शोधलं, त्याचं डोकंच भारी. आपल्या इकडं कोनाले सुचलं असतं काय?"

"नाही बाप्पा," मावशी म्हणाली. बोलता बोलता तिचे दोन्ही हात बोंडं रिकामी करत पुढच्या झाडापर्यंत पोचलेसुद्धा.

हर्षलनं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. कपाळावर आठी आणून म्हणाला, "सारं झकास हाय मावशी, पन ते कमरेचं गाठोडं जरा सोडून ठेव ना. फोटोत निस्तं पोटच दिसून राह्यलं."

मावशीनं कमरेला बांधलेल्या, कापसानं तट्ट फुगलेल्या ओटीत आणखी एक मूठ कोंबली आणि वर न बघताच म्हणाली,



"ज्यानं तुही बॅग शोधली ना, त्याची माय कापूस येचाले जात असंन."