खाणावळीची भिंत

"फितुराचं नाव दगडावर येणार न्हाई," हैबतराव म्हणाला.

बौद्धवाडीतली प्रभावती चावडीच्या पायरीशी उभी होती. तिच्या नवऱ्याला, आनंदाला, जाऊन चार वर्षं झाली होती. "तुमच्या सा जणांच्या बरुबर त्यांनीबी पत्रकं वाटली. एक नाव कोरायला तुमचं काय जातंय?"

"आमी सा जण तुरुंगात गेलो. ह्यो एकटाच मोकळा कसा ऱ्हायला?"

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. शाळेपुढं नावांचा दगड बसायचा होता. पौडचा पाथरवट उद्या येणार होता. म्हाताऱ्या सारजाबाईला साक्षीला बोलावलं होतं. बेचाळीस साली पुण्यात तिची खाणावळ होती. मुळशी खोऱ्यातली ही सात पोरं तिथं जेवायला जमायची, आणि हात धुतले की सरकारविरुद्ध पत्रकं लिहायला बसायची.

"सांगा मावशी," हैबतराव म्हणाला. "तुमच्याम्होरंच झालंय समदं."

तीस वर्षं डोळा मिटला की सारजाबाईला खाणावळीची ती भिंत दिसायची. जात्याशी बसली तरी, देवापुढं बसली तरी. त्या साली ती नुकती अक्षरं शिकली होती. शिकवलं आनंदानं, मातीत बोटानं गिरवून. हौसेला मोल नसतं. तिनं कोळशानं भिंतीवर पोरांची नावं लिहिली, ज्याच्या त्याच्या पाटाच्या वर.

मग एका दुपारी पोलीस आले. पोरं नव्हती. माळ्यावर पत्रकं सापडली. कुणाची, ते तिनं मार खाऊनही सांगितलं नाही. फौजदारानं अंधाऱ्या खोलीत बॅटरी फिरवली, भिंतीपाशी थांबला, आणि वही काढून सावकाश सगळं उतरवून घेतलं. ते गेल्यावर तिनं भिंत सारवून टाकली.

"फितूर कुणी न्हवतं," ती म्हणाली. "तुमची नावं माझ्या भिंतीवर हुती. म्या लिवल्याली. पोलिसांनी तितनं घेतली."

हैबतराव पुढं सरकला.

"आन् आनंदाचं बरं न्हवतं भिंतीवर? नेमकं त्याचंच?"

सारजाबाई प्रभावतीकडं बघायला धजली नाही.

"पाटावर बसणाऱ्यांची नावं लिवली, हैबती," ती म्हणाली. "आनंदाला आपुन परसात जेवाय घालत हुतो."