चाचणीचा शिक्का

शिक्के देणाऱ्या यंत्राने डॉक्टर हेमांगीच्या संशोधनाला 'चाचणी' म्हटलं आणि त्याच दुपारी तिचं औषध सगळीकडे रुग्णांना मिळू लागलं. तिच्या मैत्रिणीचा, डॉक्टर मृण्मयीचा, नुसता जळफळाट झाला. मृण्मयीच्या कामाला यंत्राने 'निरीक्षण' ठरवलं होतं आणि निरीक्षणावर कुणाला औषध मिळत नसे. चाचणीत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात आणि हेमांगीने तसे पाडले नव्हते, हे मृण्मयीला ठाऊक होतं. तिने हरकत नोंदवली. हेमांगीच्या कामावरचा शिक्का लगेच बदलून 'निरीक्षण' झाला.

थोड्याच वेळात मृण्मयीच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. "मॅडम, आपल्या वॉर्डातल्या बाळाला मिळणारं हेमांगी मॅडमचं औषध बंद झालं! आत्ता कुठे त्याचा श्वास सुधारत होता."

मृण्मयीने घाईघाईने हरकत मागे घेतली.

"हरकत खरी आहे," यंत्र म्हणालं. "ती मागे घेता येणार नाही."