आढीतले आंबे

पलंगाखालच्या आढीतले पिकलेले आंबे निवडायला माझी बायको रोज शेजारच्या बिवलकरांना बोलावते. ते वाकतात, देठाशी हुंगतात आणि म्हणतात, "वहिनी, आज हे चार." चारही साखर निघतात.

"भावजींचं नाक म्हणजे नाक!" परवा बायको म्हणाली. चाळीस वर्षांत माझ्या एकाही अवयवाचं असं कौतुक झालेलं नाही.

ती देवळात गेल्यावर मी गवत बाजूला सारलं आणि प्रत्येक आंबा अंगठ्याने दाबून पाहिला. आज सगळ्या आंब्यांवर काळे डाग उमटले.

"हे कोणी केलं?" बायको कडाडली.

बिवलकरांनी डाग पाहिला. मग माझा अंगठा पाहिला.

"कोणी नाही, वहिनी. यंदा उष्माच फार आहे."

माणसाने इतकं चांगलं असावं? आता तर ते मला मुळीच बघवत नाहीत.