भिंतीतली वाट

पत्रा काही केल्या नीट उभा राहीना, म्हणून प्रतापरावांनी त्याला दोन कुंड्या टेकवल्या आणि मागे सरून पाहिलं. गल्लीच्या टोकाच्या भिंतीला खिंडार आहे, हे आता परक्याला कळलं नसतं.

भिंतीपलीकडे, राऊ गावाच्या बाजूला, नवं प्लॉटिंग पडलं होतं. चाळीस घरं झाली होती आणि त्यांना रस्ता हवा होता. तो या गल्लीतून काढला तर प्रतापरावांच्या घरापुढचा ओटला चार फूट जाणार. प्रतापरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. जमीन सोडायची नाही हा गुण रक्तातच. लढायला आता ओटला तेवढा उरला होता.

आधीपासून पायवाट असेल तर रस्ता मंजूर, नसेल तर फाईल बंद, असं कळलं होतं. तेव्हा सगळ्या गल्लीनं एकच वाक्य पाठ केलं होतं.

साडेचारला सरकारी इंजिनिअर देवेंद्र आला. त्यानं टेप लावून मापं घेतली.

“तो यहाँ से आना-जाना नहीं था?”

“अरे भिया, तीस साल से रह रहे हैं,” प्रतापराव म्हणाले. “कुत्ता भी नहीं गया.”

तेवढ्यात पत्रा करकरला आणि एक कुंडी कलंडली. आधी मोगऱ्याचा गजरा दिसला, मग हिरवी जरीची साडी, मग लक्ष्मी. पलीकडच्या पहिल्याच घरातली. प्रतापरावांच्या बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, तिला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं आणि वर सांगितलं होतं, “भिंतीतूनच ये.” इंजिनिअर आज येणार हे कळल्यावर निरोप द्यायचा मात्र कैरीची डाळ वाटण्याच्या घाईत राहून गेला.

दोन वर्षांपूर्वी प्रमोदिनीबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा दीड महिना दोन्ही वेळच्या पोळ्या याच खिंडारातून आल्या होत्या. लक्ष्मीला ताट तिरकं करावं लागू नये म्हणून वरच्या चार विटा प्रतापरावांनीच काढल्या होत्या.

देवेंद्रनं दारात उभ्या असलेल्या प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. “भाभीजी, आप बताइए. लोग आते-जाते हैं इधर से?”

प्रतापराव ओटल्यावर हात ठेवून उभे होते. प्रमोदिनीबाईंनी एकदा त्या हाताकडे पाहिलं.

“नहीं जी,” त्या म्हणाल्या. “यहाँ से कभी कोई गया नहीं.”

लक्ष्मी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग इंजिनिअरला म्हणाली, “बकरी ढूँढ रही थी, साब. इधर तो दिखी नहीं.” आणि पत्रा ओढून घेऊन मागच्या मागे गेली.

जरीची साडी नेसून, गजरा माळून कोणी बकरी शोधत नाही, एवढं देवेंद्रला कळत होतं. पण त्यानं सांगितलं तेवढंच लिहिलं, सह्या घेतल्या, आणि गल्लीनं आग्रहानं दिलेले पोहे खाऊन तो निघून गेला. प्रमोदिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बायका येत होत्या, त्यांना कुंकू लावणं भाग होतं.

सहा वाजता, शेवटची बाई गेल्यावर, फाटक वाजलं. लक्ष्मी होती. हायवेवरून अडीच किलोमीटरचा वळसा घालून आली होती. गजरा कोमेजला होता, साडीच्या काठाला धूळ लागली होती.

“देर हो गई, भाभी,” ती म्हणाली.

प्रमोदिनीबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं. ओटीत भिजवलेले हरभरे घातले, मग आणखी एक मूठ घातली, मग आणखी एक. लक्ष्मी दोन पेले पन्हं प्यायली आणि उठली.

बाहेर ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. गल्लीत कोणी नव्हतं. प्रमोदिनीबाई लगबगीनं भिंतीकडे गेल्या, उरलेली कुंडी सरकवली आणि पत्रा धरून उभ्या राहिल्या.

“लक्ष्मी, इधर से निकल जा ना. वो गया कब का.”

ओटीतले हरभरे सांडू नयेत म्हणून लक्ष्मीनं पदर नीट खोचला आणि ती हायवेच्या दिशेनं वळली.

“नहीं भाभी,” ती अगदी सहज म्हणाली. “यहाँ से कभी कोई गया नहीं.”